खेळांच्या भौतिकशास्त्रावरची पोस्टरं तपासताना: आधी बाण, मग आकडे, रंग सगळ्यात शेवटी

खेळांमागचं भौतिकशास्त्र हा विषय पोस्टरसाठी दिला की वर्ग खूश होतो आणि तपासणारा अडचणीत येतो. समोर झेपावणाऱ्या खेळाडूचं झकास चित्र असतं, ठळक अक्षरांत न्यूटनचे तीन नियम असतात, कोपऱ्यात विश्वविक्रमांचा तक्ता असतो. फक्त त्या झेपेचा आणि त्या नियमांचा संबंध काय, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

असं पोस्टर ४० पैकी ३४ गुण घेऊन जातं. शेजारचं, पेन्सिलीने काढलेला एकच चेंडू आणि त्यावरचे दोन अचूक बाण दाखवणारं पोस्टर २२ वर अडकतं. तपासणाऱ्याला विषय येत नाही म्हणून हे होत नाही. तपासणीचा क्रम उलटा असतो म्हणून होतं: नजर आधी मांडणीवर जाते, मत तिथेच बनतं आणि मजकूर त्या मताला पुष्टी देण्यापुरता वाचला जातो. पुढच्या पायऱ्या हा क्रम सुलटा करण्यासाठी आहेत.

## पायरी १: विषय देण्याआधी गुणांची विभागणी कागदावर आणा

पोस्टरं हातात आल्यावर केलेली विभागणी त्यातल्या सर्वांत देखण्या पोस्टरकडे झुकते. म्हणून ती आधी करा आणि विद्यार्थ्यांनाही आधीच द्या. ४० गुणांसाठी ही विभागणी चालते:

- स्पष्टीकरणाची अचूकता: १४
- आकृती आणि बलांचे बाण: ८
- आकडे, एकके, गृहीतकं: ८
- तोंडी उत्तरं: ६
- मांडणी आणि वाचनीयता: ४

मांडणीला ४ म्हणजे फार कमी, अशी तक्रार हमखास येते. मला ते पुरेसे वाटतात. खराब मांडणीचं पोस्टर वाचताच आलं नाही तर त्याचे बाकीचे गुणही आपोआप जातात. मांडणीची शिक्षा दोनदा कशाला?

‘उत्तम, चांगलं, बरं’ असे शब्द तक्त्यात ठेवू नका. दोन तपासनीस ते दोन तऱ्हांनी वाचतात. स्पष्टीकरणाच्या १४ गुणांसाठी असं लिहा:

- १२ ते १४: योग्य तत्त्व, कारणापासून परिणामापर्यंत एकही दुवा न गाळलेला, काय गृहीत धरलं ते सांगितलेलं
- ८ ते ११: तत्त्व योग्य, मधला एखादा दुवा गायब
- ४ ते ७: तत्त्वाचं नाव बरोबर, पण पुढे व्याख्या उतरवलेली किंवा स्पष्टीकरण चुकलेलं
- ० ते ३: तत्त्वच चुकीचं, किंवा फक्त खेळाचं वर्णन

सावधान: इतिहासाला गुण ठेवू नका. १९८४ साली उवे होनने भाला १०४.८० मीटर फेकला आणि १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याची रचना बदलली, एवढंच लिहिलं तर ती बातमी झाली. भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवल्यामुळे हवेचं बल आणि गुरुत्वमध्य यांच्यातलं अंतर बदललं, टोक लवकर खाली झुकू लागलं आणि फेक आखूड झाली, असं लिहिलं तर ते भौतिकशास्त्र. दोन्ही पोस्टरांत साल एकच असतं, गुण मात्र वेगळे.

## पायरी २: प्रत्येक विषयाचं अर्ध्या पानाचं उत्तर स्वतः लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. वर्गाने दहा खेळ निवडले असतील तर दहा अर्धी पानं. प्रत्येकावर चारच गोष्टी: आपण कोणत्या वस्तूचा विचार करतोय, तिच्यावर कोणकोणती बलं आहेत, काय दुर्लक्षित केलंय, आणि येणारा आकडा साधारण कुठल्या पट्ट्यात असायला हवा.

उदाहरणार्थ, बांबूउडी. खेळाडू धावत येतो, त्याची गतिज ऊर्जा बांबूच्या वाकण्यात साठते आणि मग उंचीत उतरते. सेकंदाला १० मीटर वेग धरला तर वेगाचा वर्ग भागिले दोनदा गुरुत्वत्वरण, म्हणजे सुमारे ५.१ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून मुळातच साधारण १ मीटरवर असतो, म्हणजे ६ मीटरच्या आसपास. आता ‘उंची ५.१ मीटर’ लिहिणाऱ्याने काय सोडलं हे तुम्हाला लगेच दिसेल. ‘बांबू ऊर्जा निर्माण करतो’ असं लिहिणाऱ्याचं काय चुकलं हेही दिसेल.

तपासून घ्या: तुमचं अर्धं पान लिहिताना जिथे तुम्हीच अडलात, तिथे पुस्तक उघडा. तपासणीच्या दिवशी पोस्टरच तुम्हाला पटवून जाईल अशी वेळ येऊ नये.

## पायरी ३: तीन पोस्टरांवर तक्ता घासून बघा

गठ्ठ्यातून तीन पोस्टरं काढा: एक भरगच्च, एक साधं, एक मधलं. तपासणारे दोघं असतील तर एकमेकांना न सांगता गुण द्या आणि मग शेजारी ठेवा. एखाद्या निकषात तीनहून जास्त गुणांचा फरक असेल तर तक्त्यातलं वाक्य संदिग्ध आहे. वाक्य बदला. गुणांची सरासरी काढून पुढे जाऊ नका, कारण संदिग्धता तशीच राहते आणि पुढच्या प्रत्येक पोस्टरवर पुन्हा डोकं वर काढते.

एकटेच तपासत असाल तर हीच तीन पोस्टरं अगदी शेवटी पुन्हा तपासा. पहिल्यांदा दिलेले गुण झाकून.

नावंही झाकून ठेवा. चिकटपट्टीचा तुकडा पुरतो.

## पायरी ४: पहिली फेरी फक्त बाणांची

आता सगळी पोस्टरं ओळीने लावा आणि सगळ्यांची फक्त आकृती तपासा. मजकूर वाचू नका. एक पोस्टर पूर्ण तपासून मग दुसऱ्याकडे जाण्याची सवय असेल तर हे विचित्र वाटेल, पण एका वेळी एकच निकष पाहिला की पहिल्या आणि शेवटच्या पोस्टरला एकच माप लागतं.

बाणांपासून सुरुवात का? शब्द उसने घेता येतात, बाण घेणं अवघड जातं. विद्यार्थ्याला काय कळलंय ते बाण सांगून टाकतात. पुढच्या चुका शोधा:

हवेतल्या चेंडूवर पुढे ढकलणारं बल. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. पायाने मारलेला फुटबॉल हवेत आहे आणि त्यावर पुढच्या दिशेने ‘लाथेचं बल’ असा बाण. पाय सुटल्या क्षणी ते बल संपलं. उरतं गुरुत्वाकर्षण आणि हवेमुळे लागणारं बल. ही एक चूक असेल तर बाणांच्या ८ पैकी ४ च्या वर जाऊ नका, मग बाकीची आकृती कितीही नीट असो.

बल आणि वेग एकाच रंगात. बाण पुढे दाखवलाय तो वेगाचा असेल तर बरोबर, बलाचा असेल तर चूक. नाव नसेल तर तोंडी विचारण्यासाठी खूण करून ठेवा, आपल्या मनाने अर्थ लावू नका.

सर्वोच्च बिंदूवर काहीच नाही. उडीच्या किंवा फेकीच्या माथ्यावर बलाचा बाणच काढलेला नसतो, कारण ‘तिथे चेंडू थांबतो’. थांबतो तो फक्त उभ्या दिशेचा वेग. गुरुत्वाकर्षण तिथेही तेवढंच असतं.

धावपटूच्या बुटाखालचं घर्षण मागे. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध, या पाठ केलेल्या वाक्याचा हा प्रताप. पाय जमिनीला मागे रेटतो तेव्हा जमीन बुटाला पुढे ढकलते. पाय पुढे टेकतो त्या क्षणी घर्षण थोडा वेळ मागेही असतं. हे दोन्ही दाखवणारं पोस्टर मिळालं तर बाणांचे पूर्ण गुण द्या.

क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर. बॅटचं चेंडूवर आणि चेंडूचं बॅटवर अशी दोन बलं, दोन्ही चेंडूवरच काढलेली, शेजारी ‘म्हणून एकमेकांना रद्द करतात’. मग चेंडू सीमापार गेला कसा, हा प्रश्न तोंडी परीक्षेसाठी राखून ठेवा.

हातोडाफेकीत बाहेर ओढणारं बल. हातोड्यावर तार आतल्या दिशेनेच ओढते. सुटल्यावर तो वर्तुळाच्या स्पर्शरेषेत जातो, केंद्रापासून थेट बाहेर नाही. बाहेरचा बाण काढून खाली ‘फिरत्या चौकटीतून पाहिल्यास’ असं लिहिलं असेल तर गुण कापू नका. असं क्वचितच दिसतं, पण दिसलं तर ते समजून लिहिलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

सावधान: बाणांची संख्या मोजून गुण देऊ नका. स्केटरच्या चित्रावर अकरा बाण असणं हे आकलनाचं नाही, घाबरल्याचं लक्षण असू शकतं.

## पायरी ५: दुसरी फेरी आकड्यांची

कॅल्क्युलेटर हाताशी ठेवा. प्रत्येक पोस्टरवरचा एक तरी आकडा स्वतः काढून बघा. तीन गोष्टी तपासायच्या: आकडा शक्य आहे का, एकक बरोबर आहे का, कसा काढला ते लिहिलंय का.

तासाला १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३८.९ मीटर जातो. ३.६ ने भागायचं तिथे गुणलं तर ५०४ येतात, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान गोलंदाजी. असा आकडा निमूट छापणाऱ्याचा दोष फक्त गणिताचा नसतो. आलेल्या उत्तराकडे त्याने पाहिलेलंच नसतं. इथे दोन गुण कापा. ‘३८.८८८८८८९’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण पुरे.

त्याच चेंडूला फलंदाजापर्यंत पोहोचायला किती वेळ? क्रीज ते क्रीज १७.६८ मीटर धरले तर ०.४५ सेकंद, यष्टी ते यष्टी २०.१२ मीटर धरले तर ०.५२. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण, अट एवढीच की कोणतं अंतर घेतलं आणि वाटेत वेग कमी होत नाही असं मानलं, हे लिहिलेलं हवं. गृहीतक न लिहिता आलेलं ‘बरोबर’ उत्तर लिहून आलेल्या ढोबळ उत्तरापेक्षा कमी किमतीचं आहे. विद्यार्थ्यांना हे पटत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवावं.

बॅट-चेंडूच्या टकरीत चुकीची वजाबाकी जवळपास ठरलेली. ०.१६ किलोचा चेंडू ३५ मीटर प्रतिसेकंद वेगाने आला आणि तेवढ्याच वेगाने उलट गेला. ‘३५ वजा ३५ म्हणजे शून्य, संवेग बदलला नाही.’ दिशा उलटल्यामुळे बदल ७० चा आहे, संवेगातला बदल ११.२ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद. संपर्क हजाराव्या भागाइतक्या सेकंदाचा धरला तर सरासरी बल ११,२०० न्यूटन. हा आकडा अवाढव्य वाटतो म्हणून खोडू नका, तो ठीक आहे. मात्र त्याला ‘कमाल बल’ म्हटलं असेल तर खूण करा.

टेनिसच्या चेंडूच्या उसळीवरची पोस्टरं आली तर हे लक्षात ठेवा. प्रमाणित चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यावर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. उंचीचं गुणोत्तर ०.५३ ते ०.५८, आणि ते उरलेल्या ऊर्जेचं गुणोत्तर. वेगाचं गुणोत्तर त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.७३ ते ०.७६. ‘वेग निम्मा झाला’ असं लिहिणारे वर्गमूळ विसरलेले असतात.

धावण्याच्या पोस्टरांत सरासरी आणि कमाल वेगाची सरमिसळ असतेच. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. सरासरी १०.४४ मीटर प्रतिसेकंद. पण ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांचा होता, म्हणजे तिथे १२.४. ‘बोल्टचा कमाल वेग १०.४४’ ही चूक आहे, आणि त्या सरासरीवरून सुरुवातीचं त्वरण काढलं असेल तर पुढची सगळी गणितं त्याच चुकीवर उभी आहेत. अशा साखळीत चूक एकदाच कापा. पुढची रीत बरोबर असेल तर तिचे गुण द्या.

तपासून घ्या: ‘वजन १६० ग्रॅम’ कुठे लिहिलंय का? वस्तुमान ग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये. बोलताना चालतं, बलांच्या आकृतीशेजारी चालत नाही.

## पायरी ६: तिसरी फेरी, आता मजकूर वाचा

इथे वेळ द्या. बाण आणि आकडे आधी पाहिल्यामुळे मजकूर कुठे डळमळतोय ते तुम्हाला ठाऊक असेल. वाचताना एकच कसोटी लावा: परिच्छेदातून खेळाचं नाव काढून दुसरं टाकलं तर वाक्य तसंच चालतं का? ‘न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल लावल्यावर चेंडूला त्वरण मिळतं’ हे कुठल्याही चेंडूला चालतं. म्हणजे स्पष्टीकरण अजून सुरूच झालेलं नाही. ४ ते ७ चा गट.

खेळानुसार नेहमीचे खड्डे:

स्विंग आणि फिरकी. क्रिकेटच्या पोस्टरांत स्विंगला सरसकट मॅग्नस परिणाम चिकटवलेला असतो. मॅग्नस परिणाम फिरणाऱ्या चेंडूचा: फुटबॉल वळतो, टेबल टेनिसचा टॉपस्पिन झपकन खाली येतो, तो त्यामुळे. पारंपरिक स्विंगचं कारण तिरकी शिवण. शिवणीच्या बाजूला चेंडूलगतचा हवेचा पातळ थर खळबळतो आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, दुसऱ्या बाजूला तो लवकर सुटतो. त्यामुळे मागचा हवेचा पट्टा एका बाजूला वळतो आणि चेंडू दुसरीकडे ढकलला जातो. स्विंग होणारा चेंडूही फिरत असतो, पण ती फिरकी शिवणीची दिशा स्थिर ठेवण्यासाठी. एवढं लिहिणारा विद्यार्थी १२ च्या वर.

‘दोन्ही बाजूंची हवा एकाच वेळी मागे पोहोचते.’ हे वाक्य दिसलं की थांबा. तसं बंधन हवेवर नसतं. यावर उभं केलेलं स्पष्टीकरण निष्कर्ष बरोबर असला तरी चुकीचंच.

४५ अंशांचा मंत्र. हवेचा रोध नाही आणि सुटण्याची व पडण्याची उंची एकच असेल, तरच ४५ अंशांना सर्वांत लांब फेक मिळते. गोळा खांद्याच्या वरून सुटतो, म्हणून योग्य कोन ४५ पेक्षा कमी. शिवाय कोन वाढवला की खेळाडूला तेवढा वेग देता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फेकी ३० ते ४० अंशांच्या दरम्यान दिसतात. लांब उडीत तर उड्डाणाचा कोन साधारण २० अंश. पोस्टरवर ४५ लिहून शेजारी खऱ्या गोळाफेकीचा फोटो असेल तर फोटोवर कोनमापक ठेवून बघा. तोंडी प्रश्न तयार होतो.

फिरणारी स्केटर. ‘हात जवळ घेतल्यावर ऊर्जा अक्षय्य राहते म्हणून वेग वाढतो.’ अक्षय्य राहतो तो कोनीय संवेग. गतिज ऊर्जा उलट वाढते आणि ती वाढ हात आत ओढणाऱ्या स्नायूंच्या कामातून येते. दोन अक्षय्यता नियमांची अदलाबदल करणारी पोस्टरं दिसायला अगदी बरोबर दिसतात, म्हणून इथे घाईने पुढे जाऊ नका.

उंच उडी. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने पाठीवरून २.२४ मीटर पार केले, हे प्रत्येक पोस्टरवर असतं. शरीर कमानीसारखं वाकल्यामुळे गुरुत्वमध्य आडव्या दांडीच्या खालून जाऊ शकतो, हे काही पोस्टरांवर असतं. ‘जाऊ शकतो’ आणि ‘जातोच’ यांतला फरक पाळणारं पोस्टर विरळा.

झेल घेताना हात मागे नेणं. ‘बल कमी होतं’ एवढ्यावर थांबलेलं अपुरं. संवेगातला बदल तोच, थांबायला लागणारा वेळ वाढतो, म्हणून सरासरी बल घटतं. तीन दुवे. एक गाळला तर ८ ते ११.

## पायरी ७: तोंडी प्रश्न, पोस्टरकडे पाठ करून

प्रश्न आधीच्या फेऱ्यांतल्या खुणांवरून घ्या, जागेवर सुचवू नका. दोन-तीन मिनिटं पुरतात. कुठल्याही खेळाला लागू पडणारा माझा आवडता प्रश्न: ‘हवा नसती तर तुझ्या पोस्टरवरचं काय बदललं असतं?’ स्विंगवाल्याचं सगळं जातं, गोळाफेकीवाल्याचं जवळपास काहीच जात नाही, स्केटरवालीचं तर त्याहून कमी. उतरवून आणलेला मजकूर या एका प्रश्नाला उभा राहत नाही.

दुसरा: ‘हा बाण कोणत्या वस्तूवर आहे, आणि ते बल कोण लावतंय?’ तिसरा: ‘हा आकडा पुन्हा काढून दाखव.’

गटाचं पोस्टर असेल तर ज्याने आकृती काढली त्याला गणित विचारा आणि गणित करणाऱ्याला आकृती. तोंडीचे ६ गुण प्रत्येकाला स्वतंत्र द्या. उरलेले ३४ गटाचे.

सावधान: अडखळणं म्हणजे न येणं नव्हे. प्रश्न दुसऱ्या शब्दांत एकदा विचारा. दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर पुढे जा, शिकवायला बसू नका. मागे रांग असते आणि पुढच्यांना उत्तर ऐकू जातं.

## पायरी ८: आता रंग, अक्षरं, मांडणी

चार गुण, एक मिनिट. दोन पावलांवरून मुख्य मजकूर वाचता येतो का, आकृती मजकुराच्या जवळ आहे का, कुठून वाचायला सुरुवात करायची ते कळतं का, फोटो काही सांगतो की नुसता जागा भरतो. हाताने काढलेल्याला आणि छापलेल्याला एकच माप. प्रिंटरला गुण नाहीत.

## पायरी ९: बेरीज आणि शेरा

बेरीज झाल्यावर एकूण आकडा ‘बरा दिसत नाही’ म्हणून मागे जाऊन निकषांचे गुण बदलण्याचा मोह होतो. बदलायचेच असतील तर पोस्टर पुन्हा उघडा आणि तक्त्यातल्या वाक्यावर बोट ठेवून बदला. श्रेणीच्या काठावरची तेवढी पोस्टरं मात्र दुसऱ्यांदा जरूर पाहा.

शेऱ्यात ‘छान प्रयत्न’ लिहून काही मिळत नाही. तीन ओळी पुरे: काय बरोबर, नेमकं कुठे चुकलं, काय बदलायचं. म्हणजे असं: ‘टॉपस्पिनचं स्पष्टीकरण अचूक. दुसऱ्या आकृतीत हवेतल्या चेंडूवर पुढे दाखवलेलं बल काढून टाक. चेंडूचं वजन न्यूटनमध्ये लिही.’

पोस्टरं भिंतीवर लावणार असाल तर ती लगेच लावू नका. चुकीचा बाण महिनाभर भिंतीवर राहिला की पुढचा वर्ग तोच उतरवतो. विद्यार्थ्यांना दोन दिवस द्या, चुकलेल्या जागी दुरुस्तीची चिठ्ठी त्यांच्याच हाताने चिकटवू द्या, मूळ चूक दिसती ठेवून. दुरुस्तीला वाढीव गुण द्यायचे की नाही हे पहिल्या पायरीतच ठरवून सांगितलेलं असावं. सांगितलं नसेल तर या वेळी देऊ नका.